आपली केस अलग हाय

गिटारभाऊंना ‘कसं काय?’ असं विचारायची सोय नाही. ते गिटारीची तब्येत सांगायला लागतात. “तसं बरं हाय, पन तिसरी तार बाराव्या फ्रेटवर जराशी चढून रायली.” आपण भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतो. भाऊ जवळ सरकतात. “आता तूच सांग, ब्रिज बदलवू का गिटारच नवी घेऊ?” या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे पांढुर्ण्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. परगावचा एखादा पाहुणा मात्र सापडतो. तो सरळ मनानं म्हणतो, “नवीच घ्या ना मग.” भाऊ चष्मा कपाळावर चढवतात, त्याच्याकडे दयेनं पाहतात आणि म्हणतात, “तुमचं बरोबर हाय. पन आपली केस अलग हाय.”

भाऊ पन्नाशीच्या पुढचे. गावात घर, गावाबाहेर संत्र्याची बाग, थोडा कापूस. आमच्याकडे भाऊ पुष्कळ. ट्रॅक्टरवाले भाऊ, कृषी केंद्रवाले भाऊ, मंडपवाले भाऊ. त्यात घोटाळा नको म्हणून यांना गावानं गिटारभाऊ केलं. खरं तर आयुष्यात यांनी गिटार वाजवली त्याच्या किती तरी पट वेळ गिटारीचा विचार केला आहे. पण विचारभाऊ म्हटलं तर अर्धं गाव वळून पाहील.

गिटार आहे स्ट्रॅट पद्धतीची. लाल अंग, तीन पिकअप, पाच घरांचा स्विच. नागपूरला बर्डीवर जाऊन साडेसहा हजारांत आणली. परत येताना बरोबर पिशवी नव्हती म्हणून बारदानात गुंडाळली आणि पॅसेंजरनं काटोल, नरखेड करत मांडीवर घेऊन आले. हेडस्टॉकवर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. पुढे तारा पिळायच्या चाव्या बदलताना भोकं मोठी करावी लागली, त्यात मधली अक्षरं गेली. उरलेल्या अक्षरांवरून ती जपानी असावी असा पाहुण्यांचा समज होतो. भाऊ तो मोडत नाहीत.

या सगळ्याचं मूळ 1980 सालच्या ‘कर्ज’ सिनेमात. त्या वर्षापासून पुढची कैक वर्षं आमच्या भागातल्या प्रत्येक ऑर्केस्ट्रात पडदा सरकायच्या आधी ती गिटारची धून वाजायची, आणि शाळकरी भाऊ मंडपाच्या बांबूला धरून उभे असायचे. पडद्यावर ती ऋषी कपूर वाजवतो. प्रत्यक्षात वाजवली ती गोरख शर्मांनी, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालजींच्या भावानं. ही माहिती भाऊ कोणालाही, कुठेही देतात. लग्नाच्या पंगतीत देतात, तेराव्याच्या जेवणातही दिलेली आहे. मग बोटं हवेत धरून धून म्हणून दाखवतात. ती धून भाऊंना येते. आणखी दोन येतात. चौथी बसवायची राहिली आहे, कारण चौथीला तार वाकवावी लागते आणि तार वाकवली की ती परत सुरावर येत नसे. ती येत नसे कारण नट प्लास्टिकचा होता. म्हणजे गोष्ट पुन्हा तिथेच आली.

संत्र्याच्या हिशोबाची जी लांब लाल वही असते, ती भाऊ उलटी करून मागच्या बाजूनं वापरतात. तिथे दोन रकाने आहेत. डावीकडे ‘सुधरवणे’, उजवीकडे ‘बदलवणे’. डावा रकाना भरत चालला आहे. चाव्या 1,400. पिकअप तीन, 3,200. पॉट, स्विच, जॅक मिळून 850. सुतार 500. नागपूरचं जाणं-येणं यात धरलेलं नाही, ते बाजारहाटाच्या खात्यावर. बेरीज 5,950. खाली भाऊंच्या सुबक अक्षरात निष्कर्ष: ‘गिटारीची आजची किंमत 12,450.’

वहिनींनी एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं, “विकाले नेली तं देतीन का कोनी साडेबारा हजार?”

“विकाची कोनाले हाय?”

“मंग किंमत कायले काढता?”

भाऊंकडे याचं उत्तर आहे, आणि ते ऐकणाऱ्याला काही क्षण पटतंसुद्धा. वीस हजारांची नवी गिटार घेतली तर ही साडेबारा हजारांची घरात पडून राहील. म्हणजे नवी पडली साडेबत्तीसला. तेवढ्यात तर चांगली गिटार येते! मग वीसवाली कशाला घ्यायची? आणि साडेबत्तीसवाली घ्यायला गेलं तर पुन्हा साडेबारा धरले पाहिजेत. इथपर्यंत आलं की भाऊ पेनाचं टोपण लावतात, वही उशाखाली सारतात. त्या रात्री त्यांना झोप चांगली लागते असं वहिनी सांगतात.

सुधरवायच्या बाजूनं बोलायचे दिवस असले की भाऊंच्या तोंडी लिओ फेंडर असतो. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा हा माणूस मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. 1954 साली त्याच्या कारखान्यातून स्ट्रॅटोकास्टर निघाली, पण त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे शेवटचं वाक्य भाऊ सावकाश म्हणतात. गिटारीची मान त्यानं डिंकानं चिकटवली नाही, चार स्क्रूवर बसवली. खराब झाली की काढा, दुसरी लावा. “ज्यानं बनवली, त्याचंच म्हननं हाय का बदलवत राहा. आपन कोन वरून शहाने?” मग येतो ब्रायन मे. लंडनकडच्या या पोरानं 1963 साली वडिलांना हाताशी घेऊन जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून घरच्या घरी गिटार करायला घेतली, आणि तीच घेऊन तो क्वीन बँडबरोबर जगभर फिरला. “त्यानं तवाच नवी घेतली असती तं?” यावर वहिनी आतून म्हणतात, “त्याचा बाप संग बसला व्हता. तुमच्या बापानं तं बाजा आनला तं बागेत झोपजो म्हनलं व्हतं.”

वारं फिरलं की उजवा रकाना बोलू लागतो. तेव्हा भाऊ सांगतात की स्वस्त गिटार आता पहिल्यासारखी राहिली नाही. फेंडरनं 1982 साली स्क्वायरच्या नावानं स्वस्तातल्या जपानी गिटारी काढल्या, यामाहाची पॅसिफिका 1990 ची. आता तर लाकूड कंप्युटरवाली मशीन कापते, मानेचा खाचा केसभर चुकत नाही. आपल्या वेळेस कानशीनं घासायचे. “त्या नव्या गिटारीची अ‍ॅक्शन पाय, लोनी! आपली पाय, खाटेची दोरी!” हे असं दोन-तीन दिवस टिकतं. तेवढ्यात कोणी तरी म्हणतं, “मग घ्या की,” आणि लिओ फेंडर परत येतो.

नटाची गोष्ट सांगायलाच हवी. तारा जिथून चाव्यांकडे वळतात तिथली ती बोटभर पट्टी. स्वस्त गिटारीत ती पोकळ प्लास्टिकची असते. तार खाचेत अडकते, सुटते, सूर पळतो. ती हाडाची करावी असं सगळे जाणकार सांगतात. भाऊंचं घर माळकरी. गिटारीला हाड लावायचं म्हटल्यावर आईंनी देवघरातूनच नुसतं पाहिलं. विषय संपला असं आम्हाला वाटलं. पण आजीच्या पेटीत म्हशीच्या शिंगाची एक जुनी फणी होती, वापरातली, घरातलीच. तिच्याबद्दल आजवर कोणाचा आक्षेप आला नव्हता, असा मुद्दा भाऊंनी काढला. मुद्दा बिनतोड होता. फणी आईंच्या सासूची होती, फक्त आईंना त्यांनी विचारलं नाही.

फणीचा नट केला तो सुतारानं. हा सुतार म्हणजे भाऊंचा सर्जन. वर्षातला त्याचा मोठा धंदा तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांचा. बैलाच्या पायाला चाक बसवणारा हात गिटारीच्या मानेलाही चालतो, असा भाऊंचा विश्वास, आणि तो खोटा ठरलेला नाही. सुतार बोलत नाही. गिटार हातात घेतो, एक डोळा मिटून मानेवरून पाहतो, “पोट आलं,” एवढंच म्हणतो. खरोखरच आलेलं असतं. आमच्या हवेत कोणत्याही लाकडाला पोट येईल. वैशाखात पत्रे तापतात, हवा कोरडीठाक होते. आषाढात दाराच्या फळ्या चौकटीत बसत नाहीत. मानेच्या आत लोखंडी दांडी असते, ट्रस रॉड म्हणतात, तिला चावीनं पाव फेरा दिला की मान ताळ्यावर येते. भाऊ उन्हाळ्यात पाव फेरा देतात आणि पावसाळ्यात तोच परत घेतात. मधल्या काळात गिटार कूलरच्या वाऱ्याच्या बाजूला भिंतीला टांगलेली असते. वहिनींची खाट दुसऱ्या भिंतीला. यावर त्या घरात बोलणं होऊन चुकलं आहे.

मेणाचा प्रकार याच्या पुढचा. आवाज वाढवला की पिकअप ‘कुईंऽऽ’ करून किंचाळायचा. कारण साधं आहे. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे. वेढे सैल असले की आवाजानं तेच थरथरतात आणि अँप त्यांची थरथर ओरडून सांगतो. उपाय म्हणजे पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून काढायचा, मेण वेढ्यांत शिरून घट्ट होतं. अमेरिकेत एडी व्हॅन हेलननं हेच घरी केलं होतं, आणि त्याचे काही पिकअप त्यात वितळले होते. भाऊंनी गोष्टीचा पहिला भाग लक्षात ठेवला. वहिनी सौंसरला माहेरी गेलेल्या. भाऊंनी दुधाचा गंज घेतला, पाण्याच्या पातेल्यात ठेवला, दिवाळीच्या उरलेल्या मेणबत्त्या टाकल्या, पूजेचा धागा बांधून पिकअप आत सोडला आणि सुरुवातीचे बुडबुडे येताना पाहून इतके हरखले की शेजारच्या आम्हा दोघा-चौघांना बोलावून दाखवले. पिकअप वाचला. एक बाजू जराशी वाकली, ती वरून दिसत नाही. गंज भाऊंनी राखेनं घासून जागच्या जागी ठेवला. वहिनी परतल्यावर दूध तापवलं, तर वर जाड साय. म्हैस बदलल्याचा गुण म्हणून घरात आनंद झाला. आईंनी ती साय काढून विरजणाला लावली.

दह्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. पण त्यानंतर स्वयंपाकघरातून काहीही बाहेर न्यायचं असलं की भाऊंना कारण सांगावं लागतं. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद तेवढा सुटला. तो हळूहळू गेला, रोज थोडा.

तो कागद का लागला हे सांगायचं तर बुवांची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे राष्ट्रसंतांच्या भजनाची परंपरा जुनी, खंजरी घरोघर. गणपतीत मंडळाचं भजन होतं, आणि त्या वर्षी कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की भाऊंची गिटार साथीला घ्यावी. भाऊंनी अँप लावला. त्या गिटारीच्या एकेरी पिकअपांना विजेच्या तारांची घरघर ऐकू येते. भारतात वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेते, तोच सूर अँपमधून निघत राहतो. मंडपात लायटिंगच्या माळा, पंखे, झगमगणारं मखर. घरघर भरून राहिली. भाऊ घामाघूम. पेटीवाल्यानं भुवया आकसल्या. बुवा म्हातारे, डोळे मिटून बसलेले. त्यांनी हात वर केला. सगळे थांबले, घरघर सोडून.

“तंबोरा कोनाचा हाय?” बुवा म्हणाले.

कोणी काही बोललं नाही.

“तंबोरा चांगला हाय. पन पांढरी पाचच्या जरासा वर लागला. थोडा उतरवा.”

बुवांचा कान काय होता ते नंतर कळलं. भाऊंनी मोबाइलवरच्या ट्यूनरनं तपासलं. पन्नासचा हेलकावा खरोखरच पांढरी पाचच्या किंचित वर पडतो, अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. आता वीज मंडळाला सूर उतरवायला सांगणार कोण? शेवटी अँप बंद केला, गिटार नुसती मांडीवर राहिली. बुवांनी मध्येच विचारलं, “तंबोरा बंद काऊन केला?”

दुसऱ्या दिवसापासून गिटारीच्या पोटात आतून चंदेरी कागद डकवायचं काम सुरू झालं. चारी बाजूंनी धातूचं अस्तर करून ते अर्थला जोडलं की घरघर काहीशी कमी होते, शास्त्र खरं आहे. डाग द्यायला भाऊ बसस्टँडजवळच्या रेडिओ मेकॅनिककडे गेले. हा गावातला शेवटचा. बाकीचे मोबाइलकडे वळले. गिटार उघडल्यावर त्यानं आत पाहिलं आणि म्हणाला, “बस, एवढंच? चार वायरी?” भाऊंच्या मनाला ते लागलं. अस्तर केल्यावर घरघर निम्मी झाली. पुढच्या गणपतीत बुवा नव्हते. भाऊ अजून म्हणतात की बुवा असते तर मुद्दाम थोडा कागद काढला असता.

मी वाजवणारा नाही, ऐकून ऐकून शिकलो तेवढंच सांगतो. प्रश्न भाऊ करतात तेवढा अवघड नाही. आधी मान पाहायची. ती पिळली गेली असेल, किंवा फ्रेट झिजून खड्डे पडले असतील, तर पुढचं सगळं सोडून द्यावं. सगळे फ्रेट नवे बसवायची मजुरी स्वस्त गिटारीच्या किमतीला जाऊन भिडते. मान धड असेल तर नव्या तारा, अ‍ॅक्शन म्हणजे तारांची उंची, इंटोनेशन म्हणजे वरच्या फ्रेटवरचा सूर, एवढं नीट करून घ्यायचं. त्यात निम्मी तक्रार मिटते. मग नट, मग चाव्या, आणि पिकअप सगळ्यांत शेवटी. जे काढलं ते मूळ सामान डब्यात जपायचं, कारण विकताना सुधारणेचे पैसे कोणी देत नाही. नवे भाग काढून घ्यायचे आणि गिटार मूळ रूपात विकायची. हे सगळं मला कोणी शिकवलं? भाऊंनीच. मूळ सामानाचा डबाही त्यांच्याकडे आहे. त्यावर ‘स्क्रू, चाव्या, जुना नट’ आणि खाली कंसात ‘फणीचे दात’ असं लिहिलेलं आहे.

नवी घ्यायला भाऊ नागपूरला गेलेले आहेत, नाही असं नाही. नेहमीचे सोबती म्हणून आम्हाला न्यायचे. खांद्यावर जुनी गिटार. दुकानदाराला वाटायचं, बदल्यात द्यायला आणली. भाऊ म्हणायचे, “नाय जी, कंपेर कराले.” नवी एका मांडीवर, जुनी दुसऱ्या मांडीवर. ‘कर्ज’ची धून हिच्यावर, मग तिच्यावर. दुकानातली दोन-तीन कॉलेजची पोरं आधी हसायची, मग ऐकायला लागायची, कारण ती एक धून भाऊ खरोखर छान वाजवतात. भाऊ डोळे मिटून ऐकत आणि मग दुकानदाराला सांगत की नवीची मान चांगली आहे, पण नट प्लास्टिकचा आहे, तो तर आपण बदलूच. पिकअप ठीक, पण तेही पुढे मागे बदलावे लागतील. म्हणजे ही वीसची सव्वीसला पडेल. दुकानदार त्यांच्याकडे पाहत राहायचा. मग भाऊ नऊ नंबरच्या तारांचा एक सेट घेऊन, पावती मागून, बाहेर. बर्डीवर तर्री-पोहे. परतीच्या गाडीत चेहरा उजळलेला. या माणसाइतकं आनंदात काहीही न घेता घरी येणारं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही.

आता यावरून कोणी म्हणेल की माणूस कचखाऊ आहे, निर्णयच घेता येत नाही. तर तसं बिलकुल नाही. भाऊंची जुनी संत्र्याची बाग पंचवीस वर्षांची झाली होती. वडिलांनी लावलेली. डिंक्यानं खोडं उलत होती, कोळशीनं पानं काळी पडत होती. दरवर्षी सल काढायची, खोडाला बोर्डो लावायचा, आंबिया बहाराला ताण द्यायचा, आणि येऊन येऊन फळ किती येणार? आम्ही सगळे म्हणत होतो, अजून दोन-चार वर्षं ओढा. भाऊ एका सकाळी बागेत गेले, तीन ओळी फिरले, परत येऊन चहा घेतला आणि जेसीबीवाल्याला फोन लावला. संध्याकाळी रान मोकळं. वडिलांच्या हातची झाडं होती, गावातल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ दुसऱ्या दिवशी वरुडच्या बाजूला शेंदुरजना घाटच्या नर्सऱ्यांत. जंभेरीवरची कलमं पाहिली, मुळं पाहिली, तिथल्या तिथे सौदा. मी विचारलं, “भाऊ, काही वाटलं नाही?” म्हणाले, “त्यात काय वाटाचं? झाडाचं वय झालं का झाड बदलवाचं. सीधा हिसाब हाय.”

बैलजोडीचं तेच, मोटरपंपाचं तेच. चुलतभावाची एमपी-28 पासिंगची मोटरसायकल यांनी एक लाथ मारून, आवाज ऐकून, “भंगारात दे” म्हणून सांगितलं, आणि त्यानं दिली. लोक मुलीच्या स्थळाचं विचारायला येतात. भाऊ दोन प्रश्न विचारतात, तिसऱ्याला हो किंवा नाही. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे. फक्त संध्याकाळी वही उलटी झाली की तो माणूस वेगळा.

5 ऑक्टोबर 2023 ला आमचा जिल्हा झाला. छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर अशा दोन तहसिली काढून मध्य प्रदेशातला पंचावन्नावा जिल्हा. गावात फटाके, पेढे. भाऊ ओट्यावर बसून होते. म्हणाले, “पाय, सरकारनंबी तेच केलं. बॉडी तेच ठेवली, नवी पाटी लावली, आता हळूहळू आतलं सामान येईन. नवा जिल्हा कोनी दुकानातून आनत नाय.” त्या दिवशी डाव्या रकान्याचा मोठा विजय होता. पुढे महिनाभर कलेक्टर ऑफिसच्या कामाची प्रत्येक बातमी भाऊ पिकअपच्या संदर्भात वाचत होते.

आणखी एक नेम सांगायचा राहिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि झेंडा हाती येईस्तोवर दगड. दुकानं बंद, पोलीस, अँब्युलन्सी. तरुणपणी भाऊ जायचे, कपाळावर टाक्यांची खूण आहे. आता दार लावून घेतात आणि गिटार पूर्ण उघडतात. सगळे स्क्रू परातीत. तारा काढून फ्रेटबोर्डाला जवसाच्या तेलाचा हलका हात. नदीकडून गलका येत असतो, मध्येच “लागला रेऽऽ” ऐकू येतं, भाऊ मान वर न करता स्क्रू मोजत असतात. त्या दिवशी गिटारीबद्दल निर्णय घ्यायचा असं दरवर्षी ठरलेलं असतं. संध्याकाळपर्यंत झेंडा कोणाकडे तरी गेलेला असतो.

यंदाच्या श्रावणात सौंसरहून वहिनींच्या बहिणीचा मुलगा आला. बोरगावच्या कारखान्यात नुकता लागलेला, जामसावळीच्या मारुतीला शनिवारी जाऊन थेट इकडे. खांद्यावर गिटार. कॉलेजात असताना घेतलेली, स्वस्तातली, निळी. “काका, सहा-सात हजार जमले. यात टाकू का नवी घेऊ?”

आम्ही सगळे सावरून बसलो. वहिनी चहाचा गॅस बारीक करून दारात आल्या.

भाऊंनी गिटार घेतली. एक डोळा मिटून मानेवरून पाहिलं. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून मधली फट पाहिली. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवरून नख फिरवलं. बोटाच्या पेरानं पाठीवर टकटक केलं. “फ्रेट गेले. मान पिळली. यात एक रुपया टाकू नोको. अजून दहा जमव आन नवी घे. दिवाळीले दुकानवाले भाव कमी करतेत.” सगळं मिळून मिनिटभर लागलं नसेल.

पोरगा गहिवरलाच. “काका, मी सहा महिन्यांपासून इचार करून रायलो होतो.”

“इचार कायचा करतो? वस्तू हाय ते.”

पोरानं भिंतीवरच्या लाल गिटारीकडे पाहिलं. तिच्या पोटातून चंदेरी कागदाचं एक टोक बाहेर आलेलं होतं. “मंग तुमी काऊन नाय घेतली, काका?”

“आपली केस अलग हाय.”

चहा झाला. पोरगा म्हणाला, जुनी आता नेऊन तरी काय करू, इथेच राहू द्या, कोणी घेतली तर बघा. भाऊ एकदम म्हणाले, “पंधराशे देतो.” पोरगा नको म्हणत होता, वहिनी तर चांगल्याच नको म्हणत होत्या. भाऊंनी पैसे पोराच्या खिशात कोंबले. निळी गिटार खाटेखाली गेली. वही उलटी झाली. डाव्या रकान्यात 1,500 आले, आणि मग थोडा विचार करून भाऊंनी दोन्ही रकान्यांच्या मधोमध एक नवी उभी रेघ मारली.

रात्री अकराला माझा फोन वाजला. “झोपला का बे?”

“बोला भाऊ.”

“निळीचा ब्रिज पितळी हाय, आपल्यापेक्षा भारी. पिकअप मधला बरा हाय. आन मानेचा खाचा दोघींचा सारखाच, छपन्न मिलिमीटर! पन मान तं तिची पिळलेली. मी काय म्हनतो, तिची बॉडी आन आपली मान.”

“म्हणजे भाऊ, आपल्या गिटारीचं काय राहिलं?”

“मान राहिली ना. आन नट.” पलीकडे वहिनी काही तरी बोलल्या, ते नीट ऐकू आलं नाही. भाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला असावा. “उद्या सकाळी सहाले सुताराकडे जाऊ. पोळा आला, नंतर तो बैलं सोडून कायलेच हात लावत नाय. परात मी आनतो. तू फक्त स्क्रू धराले ये.”